सप्टेंबरची सवलत

अमेरिकेच्या रॉकी पर्वतात सप्टेंबर महिन्याचे दोन मालक असतात. एक माजावर आलेला नर एल्क, आणि दुसरा धनुष्यबाण घेऊन त्याच्या मागावर निघालेला माणूस. कोलोरॅडोत धनुष्याचा हंगाम साधारण पूर्ण सप्टेंबरभर चालतो. ठासणीच्या बंदुकीला त्यातले आठ-नऊ दिवस मिळतात. आधुनिक रायफलवाल्यांची पाळी येते ती ऑक्टोबरच्या मध्याला, म्हणजे माज ओसरून नर गप्प होऊ लागल्यावर. वर्षभर दाट झाडीत दडणारे हे जनावर ज्या महिन्यात ओरडून आपला पत्ता सांगते, तो महिना धनुष्यवाल्यांसाठी राखलेला आहे.

हे न्याय्य आहे का? माजाने भान हरपलेल्या नराला मादीच्या खोट्या आवाजाने बोलावून मारणे हे कसब म्हणावे की दगाबाजी? आणि त्यातही सर्वांत मोठ्या शिंगांचा नर हेरून मारायचा, म्हणजे शिकार की हौस? अमेरिकेत हा वाद जुना आहे. एका बाजूला ‘धनुष्य म्हणजे निर्मळ शिकार’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘धनुष्य म्हणजे क्रौर्य’ म्हणणारे. दोन्ही बाजू धनुष्याकडे बोट दाखवतात. माझ्या मते पाहायला हवे ते धनुष्य आणि जनावर यांच्यामधल्या अंतराकडे. हा आढावा त्या अंतराचा आहे.

जनावर आणि त्याचा माज

एल्क हे नाव फसवे आहे. युरोपात याच नावाने मूस हे दुसरेच हरीण ओळखले जाते. अमेरिकेतल्या या हरणाचे दुसरे नाव वापिती. तो शॉनी लोकांचा शब्द, अर्थ ‘पांढऱ्या ढुंगणाचा’. रॉकी पर्वतातला भरलेला नर तीनशे-सव्वातीनशे किलोचा असतो, मादी सव्वादोनशेची. आपल्याकडे काश्मीरच्या दाचीगाममध्ये उरलेला हंगुल हा त्याचा चुलतभाऊ. सांबर ओळखणाऱ्याला एल्कची शिंगे समजावून सांगायला नकोत: ती हाडाची असतात, दरवर्षी गळतात, दरवर्षी नवी येतात. उन्हाळ्यात ती मखमली कातडीखाली वाढत असतात आणि ऐन भरात दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढतात. ऑगस्टमध्ये कातडी सुकते, नर ती झाडांवर घासून काढतो. थोराड नराच्या डोक्यावर मग पंधरा-अठरा किलोंचे ओझे असते.

दिवस लहान होऊ लागले की शरीरातली संप्रेरके बदलतात. नराची मान फुगते. तो चिखलात लोळतो, स्वतःच्याच मुताने माखून घेतो, कोवळी झाडे शिंगांनी सोलतो आणि माद्यांचा कळप गोळा करून राखत बसतो. मग त्याला खायला फुरसत नसते. हिवाळ्याच्या तोंडावर तो बराच रोडावलेला असतो. इतकी घाई असण्याचे कारण मादीच्या वेळापत्रकात आहे. तिचा माज जेमतेम दिवसभर टिकतो, तो हुकला तर सुमारे तीन आठवड्यांनी परत येतो. गाभणकाळ आठ-सव्वाआठ महिन्यांचा. सप्टेंबरअखेर फळलेली मादी मे-जूनमध्ये, कोवळे गवत वर आले असताना विते. उशिरा जन्मलेले पाडस पहिल्या बर्फात लहानखुरे सापडते.

या धावपळीतला सर्वांत विलक्षण भाग म्हणजे नराचा आवाज. खालच्या सुरात सुरू होऊन तो चढत चढत शिटीसारखा बारीक होतो आणि शेवटी तीन-चार हुंकारांवर येऊन थांबतो. घोड्याएवढ्या जनावराच्या गळ्यातून हा कोवळा सूर निघतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. लाकोटा लोकांच्या परंपरेत एल्क ही प्रेमाची, मादीला वश करण्याची शक्ती मानली जाते ती उगाच नाही. डेन्व्हरच्या आसपास राहणारी मराठी मंडळीही सप्टेंबरअखेरच्या एखाद्या शनिवारी एस्टेस पार्कला जाऊन हा आवाज ऐकून येतात. लगतच्या राष्ट्रीय उद्यानात शिकारीला बंदी आहे, त्यामुळे तिथे नर रस्त्याकडेलाही ओरडतात.

डोंगरात काय घडते

बंदी नसलेल्या डोंगरात मात्र हा आवाज ऐकू येणे ही फक्त सुरुवात असते. शिकाऱ्याचा पहिला शत्रू त्याचा स्वतःचा वास. ऊन तापले की हवा दरीतून वर चढते, सूर्य कलला की तीच हवा थंड होऊन खाली उतरते. त्यामुळे सकाळी जनावराच्या वरच्या अंगाने आणि संध्याकाळी खालच्या अंगाने जायचे, हा पहिला धडा. मधल्या तास-दोन तासांत वारा गिरक्या घेतो, तेव्हा जाणते लोक गप्प बसून राहतात. वास लागलेला कळप दरी ओलांडून पार पलीकडे जातो, मग तो दिवस हातचा गेला.

दुसरा धडा आवाजाचा. तोंडात टाळूला लावायची लवचिक पातळ पट्टी आणि आवाज मोठा करणारी नळी, एवढीच सामग्री. त्यावर मादीची हलकी साद काढायची किंवा प्रतिस्पर्धी नराचे आव्हान. दोघे असतील तर आवाज काढणारा मागे चाळीस-पन्नास मीटरवर बसतो आणि बाण मारणारा पुढे. कारण येणारा नर जिथून मादी दिसायला हवी तिथे थबकतो आणि ती दिसली नाही की काढता पाय घेतो.

‘खोट्या आवाजाने फसवणे’ या आक्षेपाचे उत्तर इथेच थोडे मिळते. आवाजाला धावत येतात ते बहुधा कळप नसलेले, कडेकडेने फिरणारे तरुण नर. ज्याच्यापाशी माद्या आहेत तो जुना नर आव्हान ऐकून पुष्कळदा लढायला येत नाही, माद्यांना हाकत दुसऱ्या उतारावर निघून जातो. म्हणजे ट्रॉफी म्हणून ज्याची हाव असते, तोच या फसवणुकीला सर्वांत कमी बळी पडतो. कोलोरॅडोत धनुष्य घेऊन गेलेल्या दहा जणांतल्या एखाद-दुसऱ्यालाच एल्क मिळतो, आणि त्यात मादी व कोवळे नरही आले. उरलेले बहुतेक जण पाय दुखवून आणि सुटी संपवून घरी परततात.

मिळाला तर काम तिथून सुरू होते. गोळी धक्क्याने पाडते, बाण रक्तस्रावाने मारतो. नर आडवा उभा असताना पुढच्या पायामागे, जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत बाण बसला आणि दोन्ही फुप्फुसांतून गेला, तर तो मिनिटाभरात कोसळतो. पोटात लागला तर तासन्‌तास थांबावे लागते, घाई केली तर जखमी जनावर मैलोन्‌मैल जाते. पण सप्टेंबरची दुपार गरम, मांस नासायची भीती. सोलून, हाडे काढून शंभर किलोच्या आसपास मांस निघते. ते पाठीवरून खाली आणायला तीन-चार खेपा, आणि मोंटाना-वायोमिंगमध्ये रक्ताच्या वासावर येणारे ग्रिझली अस्वल.

सवलत कशी मिळाली

आजच्या अमेरिकी धनुष्यशिकारीची मुळे एका दुःखद कहाणीत आहेत. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोविल गावाजवळ एक उपाशी माणूस सापडला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी संपवलेल्या ‘याही’ नावाच्या जमातीचा तो शेवटचा माणूस होता. लोक त्याला इशी म्हणू लागले. तिथल्या विद्यापीठातले डॉक्टर सॅक्स्टन पोप यांनी त्याच्याकडून धनुष्य बनवणे, दबा धरणे, ओठांना बोटे लावून कुईकुई आवाज काढत ससे बोलावणे शिकून घेतले. १९१६ मध्ये इशी वारला. पोप यांनी १९२३ मध्ये धनुष्यशिकारीवर पुस्तक लिहिले आणि त्यातून एक पंथ उभा राहिला. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने हरणांसाठी पहिला वेगळा धनुष्यहंगाम दिला आणि हळूहळू बाकीची राज्ये त्या वाटेने गेली.

वेगळ्या हंगामामागचा युक्तिवाद साधा होता. लाकडी धनुष्याने वीस-पंचवीस पावलांवरून मारावे लागते, यश क्वचित, जनावरे थोडीच मरतात. मग अशा शिकाऱ्यांना जास्त दिवस आणि चांगला महिना दिला तरी कळपाचे नुकसान नाही. सप्टेंबर मिळाला तो धनुष्य पवित्र म्हणून नव्हे, ते दुबळे म्हणून. ही गोष्ट आज विसरली जाते.

कारण धनुष्य आता दुबळे राहिलेले नाही. मिझुरीतल्या हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांना १९६९ मध्ये कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले. टोकांना कप्प्या बसवलेले हे धनुष्य पूर्ण ताणले की भार एकदम उतरतो. बत्तीस किलोंचा ताण ओढणाऱ्याला शेवटी सहा-सात किलोच धरून ठेवावे लागतात. त्यामुळे नेम धरून थांबता येते. सोबत कार्बनचे बाण, लेसरने अंतर मोजणारे यंत्र, एकेका अंतराची खूण असलेली नेमपट्टी. मैदानात आज ऐंशी-नव्वद मीटरवरचा ठोकळा कसलेला माणूस बिनचूक वेधतो.

पण जनावर ठोकळा नसते. साधे गणित करा. चांगल्या कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला सुमारे ८५ मीटर जातो, आवाज ३४० मीटर. वीस मीटरवर बाण पोचायला पाव सेकंद लागतो. पंचावन्न मीटरवर तोच वेळ पाऊण सेकंदाकडे झुकतो आणि प्रत्यंचेचा आवाज अर्ध्या सेकंदाआधीच नराच्या कानी पडलेला असतो. तेवढ्यात तो दचकून वळला किंवा नुसते एक पाऊल पुढे गेला, तरी फुप्फुसावर धरलेला बाण पोटात शिरतो. यंत्राने धनुष्याची पोच वाढवली, बाणाच्या प्रवासाला लागणारा वेळ मात्र राहिलाच.

जखमी होऊन निसटणाऱ्या जनावरांची आकडेवारी हा या प्रश्नाचा सर्वांत बोचरा भाग. शिकारी स्वतः सांगतील तेवढेच कळते आणि अपयश कोणी फारसे सांगत नाही. पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर मेरीलँडमधल्या एका नौदल तळावर बरीच वर्षे नोंदी ठेवल्या गेल्या. तिथे परीक्षा देऊन आलेले शिकारी, आधुनिक सामग्री, आणि तरीही बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हाती आली नाहीत. इतर ठिकाणच्या जुन्या अभ्यासांत हे प्रमाण याहून बरेच जास्त निघाले आहे. एल्क त्या हरणाच्या तिप्पट-चौपट वजनाचा, हाडापेराने मजबूत, मुलूख डोंगराळ. ‘निर्मळ शिकार’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लपवू नये आणि ‘निव्वळ क्रौर्य’ म्हणणाऱ्यांनी उरलेले ८२ टक्के विसरू नयेत.

शिंगांचा हिशेब

ट्रॉफी हा शब्द ऐकला की आपल्यासमोर संस्थानिकांच्या दिवाणखान्यातली मुंडकी येतात. अमेरिकेत त्याची रीतसर मोजपट्टी आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापलेला बून अँड क्रॉकेट क्लब शिंगांची लांबी, जाडी, फाट्यांची लांबी इंचांत मोजून बेरीज करतो. कायमच्या नोंदीसाठी नेहमीच्या घडणीच्या एल्कला ३७५ गुण लागतात. १९६१ मध्ये निघालेला पोप अँड यंग क्लब फक्त धनुष्याच्या शिकारी नोंदवतो. तिथे २६० पुरतात. दोन आकड्यांतली ही दरी म्हणजे धनुष्य अवघड असल्याची अधिकृत कबुलीच. २०१६ मध्ये मोंटानात बाणाने मारलेला ४३० गुणांचा नर या वर्गातला विक्रम ठरला.

मोठी शिंगे तीन गोष्टींनी येतात: वय, चारा आणि रक्त. यातले वय माणसाच्या हाती आहे. सात-आठ वर्षे जगू दिल्याशिवाय नर भरत नाही. म्हणून कोलोरॅडोत बऱ्याच भागांत एका शिंगाला किमान चार टोके असल्याशिवाय नर मारता येत नाही. कोवळे नर वाचतात आणि कळपात जुन्या नरांचे प्रमाण सुधारते. याचा फायदा फक्त दिवाणखान्याला नाही. ओरेगॉनच्या स्टार्की प्रायोगिक जंगलात दिसून आले की, कळपात वर्षा-दीड वर्षाचेच नर असतील तर माद्या उशिरा फळतात. पाच वर्षांचे नर असतील तर फळण्याची तारीख जवळजवळ दोन आठवडे अलीकडे येते आणि पाडसे एकदमच जन्मतात. जुने नर राखणे कळपाच्या हिताचे आहे. पण मग त्यांनाच वेचून मारणे कितपत हिताचे, हा प्रश्न उरतोच. अल्बर्टातल्या डोंगरी मेंढ्यांत वर्षानुवर्षे मोठ्या शिंगांचे नर मारल्याने पुढच्या पिढ्यांची शिंगे लहान होत गेल्याचे संशोधन २००३ मध्ये आले, त्यावर अजून वाद चालू आहे. एल्कच्या बाबतीत तसा ठाम पुरावा नाही.

शिकारीचा दाब वागणुकीवर मात्र नक्की दिसतो. अल्बर्टातच गळ्यात पट्टे बांधलेल्या एल्क माद्यांच्या अभ्यासात आढळले की, वयाबरोबर त्या कमी हिंडू लागतात, आडोशाला राहू लागतात आणि नऊ-दहा वर्षांच्या पुढे शिकाऱ्यांच्या हाती जवळपास लागतच नाहीत. डोंगरातले जुने शिकारी तक्रार करतात की नर पूर्वीसारखे ओरडत नाहीत. ओरडणारे मेले, गप्प राहिलेले वाचले, असा त्यांचा हिशेब.

हौसेचे टोक पाहायचे तर दोन उदाहरणे पुरेत. २००८ मध्ये युटात ४७८ गुणांच्या वर गेलेला जागतिक विक्रमाचा नर मारला गेला, तो लिलावात दीड लाख डॉलरला घेतलेल्या परवान्यावर. आणि १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये एस्टेस पार्कच्या लाडक्या ‘सॅमसन’ नावाच्या माणसाळलेल्या नराला एका चोरट्या शिकाऱ्याने बाणाने मारले. लोक इतके चिडले की कोलोरॅडोने मोठ्या शिंगांच्या जनावरांच्या चोरट्या शिकारीवर जबर जादा दंड बसवला. तो कायदा सॅमसनच्या नावानेच ओळखला जातो. एकीकडे कायद्याने घेतलेला परवाना, दुसरीकडे माणसावर विश्वास टाकलेले जनावर.

पैसा, रांग आणि १९७२

एल्क आज दहा लाखांच्या घरात आहेत. गोरे लोक येण्यापूर्वी ते कोटीच्या आसपास असावेत असा अंदाज आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लाखाच्याही आत आले होते. मांस आणि कातडी बाजारात विकली जात होती, त्यांच्या सुळ्यांचे दागिने करण्याची टूम होती. पूर्वेकडची एक उपजात त्यात कायमची संपली. त्यातून जे सावरले, ते बाजार बंद केल्यामुळे. रानटी जनावराचे मांस विकता येत नाही आणि ते कुजत टाकून शिंगे नेणे गुन्हा आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला बांधून दिला. १९७२ च्या दुरुस्तीने धनुष्यबाणांवरही ११ टक्के कर आला. केंटकीत १९९७ पासून पश्चिमेकडून दीडेक हजार एल्क आणून सोडले गेले, आज तिथे दहा हजारांवर आहेत.

त्याच १९७२ मध्ये भारताने वन्यजीव संरक्षण कायदा करून शिकारीचे दार लावत आणले. एकाच वर्षी दोन देशांनी दोन उलट वाटा धरल्या आणि दोघांचेही आपापल्या जागी बरोबर होते. दाचीगाममध्ये हंगुल तीनशेच्या आसपास उरलेत. तिथे ट्रॉफीची चर्चा करणे म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी वाटणीचा विषय काढणे. अमेरिकेचा मार्ग दहा लाख जनावरे, अफाट सरकारी जंगल आणि कडक परवाने असलेल्या देशाचा आहे. तो उचलून आणता येणार नाही.

आणि तिथेही तो आता ताणला जातोय. मोठ्या नरांच्या नामांकित भागात परवाना सोडतीने मिळतो. म्हाडाच्या घरासारखे दरवर्षी अर्ज करत राहायचे, न लागल्याचा एक गुण जमा होतो आणि काही भागांत नंबर लागायला वीस-वीस वर्षे जातात. स्थानिकाला परवाना शंभर डॉलरच्या आत, परराज्यातल्याला आठशेच्या पुढे. कोलोरॅडोत पश्चिमेच्या डोंगरांत परराज्यातल्या धनुष्यशिकाऱ्यांना पूर्वी दुकानात जाऊन परवाना विकत घेता येई. २०२५ पासून तेही बंद होऊन सोडत आली, कारण सप्टेंबरमध्ये डोंगरात एल्कपेक्षा माणसांचेच आवाज जास्त, अशी ओरड होती.

निवाडा

तर सप्टेंबर धनुष्यवाल्यांकडे राहावा का? राहावा, पण मूळ अटीवर. माजातल्या जनावराच्या वाट्याला जे नाही ते, म्हणजे सावधपणा, त्या महिन्यात शिकाऱ्याच्या शस्त्राच्या दुबळेपणाने भरून काढायचे, असा हा करार आहे. शस्त्र जितके लांब पोचेल तितका करार मोडत जाईल. काही राज्ये हे ओळखून आहेत. कोलोरॅडोच्या धनुष्यहंगामात क्रॉसबो आणि धनुष्यावर बसवलेली नेमाची विजेवरची साधने चालत नाहीत. पोप अँड यंग क्लब क्रॉसबोची शिकार नोंदवत नाही. अ‍ॅरिझोनाने २०२२ पासून शिकारीसाठी झाडावर कॅमेरे लावून पाळत ठेवायला बंदी केली. ही यादी वाढायला हवी. त्याबरोबर बाण लागून निसटलेले जनावरही परवान्यात धरावे. एकदा रक्त सांडले की शिकार झाली, हंगाम संपला, असे मानावे.

ट्रॉफीबद्दल एवढेच म्हणेन की, शिंगे भिंतीवर आणि मांस घरात येत असेल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. दीड लाख डॉलरला हक्क विकत घेऊन इंच मोजणे मात्र शिकारीपेक्षा खरेदीच्या जवळचे आहे. मोठा नर पंचवीस पावलांवर उभा असेल तर बाण सोडावा. साठ पावलांवर असेल तर त्याचे ओरडणे ऐकावे आणि धनुष्य खाली करावे.